"सांभाळून घ्या जी" म्हणणं मी सोडलं

परवा माझ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकाच्या शाळेची फाइल काढली. पाचवीचा अर्ज लिहायचा होता, म्हणून जुने कागद चाळत बसले. सगळ्यात खाली पहिलीतला अर्ज निघाला. वहीचं फाडलेलं पान, माझंच अक्षर: "माझा मुलगा जरा वेगळा आहे, तरी कृपया सांभाळून घ्यावे ही नम्र विनंती." त्यावर तारीख नाही, शिक्का नाही. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि माझ्याच हातात परत दिला होता. मी "बरं जी" म्हणून घरी आले होते.

आर्वी–पुलगाव रस्त्यापासून आत, वर्धा जिल्ह्यात आमचं गाव. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. लेक तीन वर्षांचा झाला तरी "आई" म्हणाला नाही. "त्याचा बाप बी उशिराच बोलला होता वो," म्हणून सासूबाई धीर द्यायच्या. पण फाट्यावर एसटी आली की हा पाटीकडं टक लावून बघायचा आणि रात्री अंथरुणात एकसारखं म्हणायचा, "आर्वी पुलगाव, आर्वी पुलगाव." तोंडातून पहिले शब्द निघाले ते हेच. अक्षरंही तो पाट्यांवरूनच शिकला, आम्हाला कळायच्या आधी.

तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये नाव घातलं होतं. पंधरा दिवसांत त्यांनी फी परत केली. तेवढंच. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

मग गावातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंत ३४ लेकरं आणि शिक्षक दोन. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की हा कान दाबून भिंतीला डोकं लावायचा. खिचडीच्या वेळी ताटं आपटायला लागली की थेट फाटकाबाहेर. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. पण त्यांच्याकडं एकच उत्तर होतं: "ताई, याले विशेष शाळेत टाका. नाहीतर नाव इथं राहू द्या, लेकरू घरी राहू द्या." नाव पटावर आणि लेकरू घरात, याला गृहाधारित शिक्षण म्हणतात हे मला नंतर समजलं. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही अशा लेकराच्या दारी शिक्षण पोचावं म्हणून ती सोय आहे. माझा लेक तर चपला घालून सकाळी सातपासून दारात उभा राहायचा.

वळण मिळालं ते सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षिकेमुळं. त्या गट साधन केंद्रातून, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या कार्यालयातून यायच्या, स्कुटीवर, कितीतरी शाळा फिरत. आमच्या शाळेची पाळी महिन्यातून दोनदा. त्यांनी माझं ते वहीचं पान वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, 'सांभाळून घ्या' लिहू नका. सांभाळायचं की नाही हे मग त्यांच्या मनावर राहते. याला काय पाहिजे ते लिहा. आणि दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या."

काय पाहिजे? मला सांगताच येईना. रात्रभर विचार केला. सहा वर्षं त्याच्या मागं धावले, पण हे एका कागदावर कधी उतरवलं नव्हतं.

आधी मात्र दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागणार होतं. त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर नाव नोंदवून वर्ध्याला जायचं. पहिल्या खेपेला सहाच्या गाडीनं निघालो आणि डॉक्टर रजेवर म्हणून आल्या पावली परत. दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. ४० प्रश्नांचा तक्ता असतो, भारतातल्याच लेकरांसाठी केलेला, प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. नजर देतो का, दुसऱ्या लेकरांत खेळतो का, तेच तेच करत राहतो का. दुखलं तर कळतं का, या प्रश्नाला मला रडू आलं. एकदा वावरात त्याच्या पायात बाभळीचा काटा गेला होता. दिवसभर तो तसाच चालला आणि रात्री पाय धुताना मला दिसला. ते सांगितलं. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत. त्याचे बरेच वर आले. कागद हातात आला तेव्हा यांनी बसस्टँडवर दोन वेळा वाचला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पुढची गोष्ट छोटी वाटेल, पण तीवर बरंच अवलंबून होतं. शाळेच्या यू-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या माहितीत त्याच्यापुढं "मतिमंद" भरलं होतं. १९९५ च्या जुन्या कायद्यात स्वमग्नता वेगळी नव्हतीच, म्हणून लोकांच्या हाताला तोच शब्द बसला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत आणि त्यांत स्वमग्नता स्वतःच्या नावानं आहे. मॅडम म्हणाल्या, तालुक्याचं नियोजन याच माहितीवरून होते, चूक राहिली तर चुकीचीच मदत येईन. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. तीन चकरा झाल्या, पण शब्द बदलला.

आणि मग खरा अर्ज. त्यात त्याच कायद्याचं कलम ३१ लिहिलं: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या लेकराला मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि निवड आपली. हे वाचल्यावर मुख्याध्यापक कितीतरी वेळ गप्प होते. त्याखाली मी मागण्या लिहिल्या. दाराजवळची जागा. घंटेआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगणं. खिचडीचं ताट ओट्याच्या टोकाला, गर्दी ओसरल्यावर. एका वेळी एकच सूचना, तीही छोटी. आणि चित्रांची कार्डं वर्गात ठेवायची परवानगी.

कार्डं मीच केली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या आणि त्यांवर पाणी, लघवी, घर, "बस झालं" अशी चित्रं काढून दोऱ्यात ओवली. पहिले आठ दिवस त्यानं दोरा नुसता चावला. नवव्या दिवशी वर्गातल्या एका पोरीनं त्याला पाण्याचं कार्ड दाखवलं आणि माठाकडं नेलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढं "बस झालं" हे कार्ड त्यानं इतकं वापरलं की ते दोनदा नवं करावं लागलं. पण फाटकाबाहेर पळणं त्याच महिन्यात थांबलं. पळून जे सांगायचा, ते आता कार्डानं सांगायला लागला.

यातल्या एकाही मागणीला शाळेचा पैसा लागला नाही. पैसा लागतो तो शिक्षकाला. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा लेकरांमागं एक विशेष शिक्षक हवा. आमच्या मॅडम महिन्यातून दोन दिवस येतात आणि पाऊस असला तर एकच. त्या दोन दिवसांत त्या लेकाला कमी आणि वर्गशिक्षकाला जास्त वेळ देतात. आधी मला त्याचा राग यायचा. आता वाटते, त्यांचं बरोबर आहे, कारण उरलेले दिवस तो त्या सरांजवळच असतो. पण म्हणून दोन दिवस पुरतात असं कोणी मला सांगू नये.

वाचाउपचाराला वर्ध्याला जातो. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि त्याचं वयानं अर्धंच, म्हणून निभते. स्वमग्न लेकरांनाही मिळणाऱ्या सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, उपचारांचाही. ज्यांनी काढला नसेल त्यांनी जरूर काढा.

आमच्याकडं उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात. आता पाचवी. शाळा दुसऱ्या गावची, सातवीपर्यंतची, दीडशे लेकरांची, आणि घंटा विजेची. मी तिथं दोनदा जाऊन आले. घंटा कोणत्या भिंतीवर आहे, कोणत्या खोलीत आवाज कमी येतो, मुतारी कुठं, हे वहीत लिहून आणलं. जायला बस लागणार, म्हणून प्रवास भत्ता आणि सोबत मदतनीस भत्ता मागितला आहे. शाळा उघडायच्या आधी दोन दिवस त्याला रिकाम्या वर्गात बसून पाहू द्या, हेही लिहिलं आहे. सगळं मिळून अकरा मुद्दे झाले. काल रात्री यांना वाचून दाखवले. ऐकून म्हणाले, "बारावा लिही, त्याले बसमध्ये पुढच्या सीटवर बसू द्या. पाटी दिसली पाहिजे." ते एसटीच्या हातात आहे, शाळेच्या नाही. तरी लिहिलं.

सोमवारी गट साधन केंद्रात जाते. दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.