कुंडीतला वाळा

आज मोगऱ्याची कुंडी बदलताना मातीतून वाळा नावाचा गांडुळासारखा बिनविषारी साप निघाला. काळपट, चकचकीत, वीतभरही नाही. शेजारच्या काकू "अगं, नागाचं पिल्लू!" म्हणत थेट जिन्यात. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच चांगलं वीतभर असतं, शिवाय फणा काढतं, हे त्यांना वरूनच ओरडून सांगितलं. वाळा मुंग्या-वाळवीची अंडी खातो. त्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय पिल्लं होतात. काकूंना हे विषापेक्षा भयंकर वाटलं असावं! त्याला खालच्या वाफ्यात सोडून आले.

धामणीचं तर विचारूच नका. म्हणे शेपटीत काटा असतो, म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. उंदीर फस्त करणारी बिचारी बिनविषारी, तरी गावाकडे पहिली काठी तिच्याच पाठीत.

मला भीती वाटते ती कवड्याची. तोही बिनविषारीच, पण रात्री पालींच्या मागे घरात शिरतो आणि हुबेहूब विषारी मण्यार वाटतो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे मानेजवळ पुसट आणि शेपटीपर्यंत ठळक. टॉर्चच्या उजेडात हे कोण बघत बसणार? पट्टेवाला दिसला की दार बंद, आणि सर्पमित्राला फोन. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, सेव्ह करून ठेवा.