लाइपझिगचा वसंत: लसणाच्या वासाचं जंगल आणि खाणींची तळी

एप्रिल लागला की जर्मनीतल्या लाइपझिगच्या दक्षिणेकडच्या गल्ल्यांत लसणाचा वास सुटतो. कुणाच्या घरी फोडणी पडलेली नसते, वास येतो तो जंगलातून. नद्यांच्या पुराच्या पाण्यावर वाढलेलं आउवाल्ड नावाचं हे जंगल शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलंय. वसंतात त्याची सगळी जमीन बेअरलाउखने, म्हणजे जंगली लसणीने, झाकली जाते. ओक आणि अ‍ॅशच्या झाडांना पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत या रोपाला पानं, फुलं, बिया सगळं उरकायचं असतं, म्हणून एवढी घाई.

हिवाळाभर मी ट्रामनेच ये-जा केली. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून यायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली आणि माझा दिवसच बदलला. सकाळी सायकलने युनिव्हर्सिटी, दुपारी मेन्झात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवण, लेक्चर्स संपली की घरी सरळ न जाता जंगलातून वळसा. आता आठ वाजेपर्यंत उजेड असतो. भारताशी वेळेचं अंतर साडेचार तासांवरून साडेतीनवर आलंय, त्यामुळे चंद्रपूरला जेवणं आटोपतात तेव्हा मी नेमकी नदीकाठी असते. "इकडे तर ऊन मी म्हणते बाप्पा, आणि तू अजून स्वेटर घालून हिंडून राहिली," आई फोनवर म्हणते.

लसणीची पानं तोडायला मला माझ्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीने शिकवलं. एका रोपाचं एकच पान घ्यायचं, मुठीत मावेल एवढंच आणायचं आणि संरक्षित भागात हात लावायचा नाही. ती प्रत्येक पान देठापाशी धरून बघायला लावते. लसणीचं प्रत्येक पान जमिनीतून आपल्या वेगळ्या देठावर येतं. दिसायला तशाच असलेल्या माइग्लॉक्शनची (लिली ऑफ द व्हॅली) पानं मात्र एका दांड्यावर जोडीने येतात, आणि ते झाड विषारी. वासावर विसंबायची सोय नाही, कारण चार पानं खुडली की बोटांनाच लसणाचा वास लागतो. घरी आणून मी ती पानं बेसनात घालून झुणका केला. पानं शेवटी टाकायची, नाहीतर सगळा वास उडून जातो. सोबत भाकरी नव्हती, जर्मन राईचा पाव होता, आणि तो झुणक्याशी छान जातो.

रविवारी इथे दुकानं बंद. सामान शनिवारीच भरून ठेवायचं आणि रविवार फिरण्यासाठी मोकळा. सेमिस्टरच्या तिकिटावर लोकल गाड्यांनी कुठेही जाता येतं, त्यामुळे नाउमबुर्गचं कॅथेड्रल आणि झाले नावाच्या नदीकाठचे द्राक्षमळे पाहून झाले. ते सुंदर आहेतच, पण मी पुन्हा पुन्हा जाते ती दक्षिणेला, कॉस्पुडेनच्या तळ्यावर. शहराच्या कॉनेविट्झ भागातून जंगलातल्या वाटेने सायकल हाणली की अर्ध्या तासात झाडं संपतात आणि समोर सव्वाचार चौरस किलोमीटरहून मोठं निळं पाणी येतं. वाळूचा किनारा, शिडाच्या होड्या, आइस्क्रीमच्या रांगा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही खाण होती यावर विश्वास बसत नाही.

इथे १९८१ पासून लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, काढत होते. कॉस्पुडेन हे गावच खाणीने गिळलं, तळ्याला उरलं ते त्याचं नाव. खाण सरकत सरकत आउवाल्डपर्यंत आली होती. बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या वसंतात, १९९० साली, लाइपझिगकर खाण थांबवा म्हणून रस्त्यावर उतरले. १९९२ मध्ये काम बंद झालं, पुढच्या वर्षापासून भूजल आणि शेजारच्या खाणींतून उपसलेलं पाणी भरत गेलं आणि २००० साली तळं लोकांसाठी खुलं झालं. सगळ्यात खोल जागी पन्नास मीटरहून जास्त पाणी आहे.

मी चंद्रपूरची. घराच्या गच्चीवरून दुर्गापूरच्या खाणीचे मातीचे डोंगर दिसतात, बाबांची सगळी नोकरी वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स) सर्व्हेअर म्हणून गेली, आणि इथे मी भूशास्त्र शिकतेय ते त्या डोंगरांमुळेच. म्हणून या किनाऱ्यावर मला नुसतं बसवत नाही. पश्चिम काठावर बिस्टुम्सह्योहे नावाचा टेहळणीचा मनोरा आहे. वर चढलं की एका बाजूला जंगलाची कोवळी पोपटी पट्टी आणि दक्षिणेला लिपेनडॉर्फ वीजकेंद्राच्या दोन शीतमनोऱ्यांची वाफ. ते केंद्र आजही लिग्नाइटवरच चालतं. बंद झालेली खाण आणि चालू कोळसा एकाच नजरेत येतात.

तळं करणं म्हणजे खड्ड्यात पाणी सोडून मोकळं होणं नव्हे. कोळशावरच्या थरांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. खोदकामात त्याला हवा लागते, मग पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. शेजारच्या त्स्वेंकाउच्या तळ्यात त्यासाठी जहाजातून चुना टाकावा लागतो. काठाचंही तसंच. २००९ मध्ये झाक्सेन-आनहाल्टमधल्या नाखटरश्टेटला असाच एक काठ घरांसकट तळ्यात खचला आणि तिघं गेले. आपल्याकडे कुणी खाणीचं सरोवर करू म्हणालं, तर मी आधी उताराचा आणि पाण्याच्या आम्लतेचा हिशोब मागेन.

मे महिन्यात श्टोर्मथालच्या तळ्यावर गेले, तीही जुनी खाणच. त्या तळ्याखाली माग्डेबॉर्न हे गाव होतं, एस्पेनहाइन खाणीसाठी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते पाडलं. त्याच्या चर्चची आठवण म्हणून विनेटा नावाची एक इमारत आता पाण्यावर तरंगते. काठावरचं श्टोर्मथाल गाव मात्र वाचलं, आणि तिथलं छोटं चर्चही. १७२३ च्या नोव्हेंबरात संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच चर्चमध्ये नव्या ऑर्गनच्या उद्घाटनाला आला होता. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये त्याची नेमणूक होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. मी शुक्रवारी संध्याकाळी सहाला त्या थॉमस चर्चमध्ये मुलांचं समूहगान ऐकायला जाते. तोच बाख इथल्या खेडेगावातल्या बाकांसमोर वाजवून गेला, हे कळल्यावर मी तिथून लवकर हललेच नाही. खाण थोडी इकडे वळली असती तर हे चर्चही गेलं असतं.

बाबांना व्हिडिओवर सगळं दाखवलं. त्यांना बाखचं फारसं काही वाटलं नाही. "काठाचा उतार कितीत कापला?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि "पाणी भरून राहिले होते तेव्हा पंप किती दिवस चालू ठेवले?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी डोळ्यांनी अंदाजाने दिलं, ते त्यांना पटलं नाही. पुढच्या शनिवारी त्स्वेंकाउच्या काठाने जाणार आहे. उताराचे फोटो पट्टी शेजारी धरून काढ, म्हणजे उंचीचा अंदाज येतो, असं त्यांनी बजावलंय. पट्टी मी बॅगेत टाकून ठेवलीये.