माप तेच, दारू वेगळी : आमची वाटचाल

आजोबांनी सोलापुरात बंदुकीचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे पिकाच्या राखणीला ठासणी (तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक) ठेवणारे शेतकरी, आणि माल म्हणजे काळी दारू (बंदुकीची जुनी दारू), बार पेटवायच्या टोप्या, छर्रे. वडिलांची तीस वर्षं त्यातच गेली.

मग एका गिऱ्हाईकाच्या ठासणीची नळी फाटली. त्याने बारा बोअरची (छर्ऱ्याच्या बंदुकीची) काडतुसं फोडून आतली पावडर काढली आणि आमच्याकडच्याच पितळी मापाने ठासणीत भरली! बोटं भाजली, जीव वाचला. पण गावभर बोंब काय, तर आमची दारू खराब. पलीकडच्या पेठेतल्या दुकानदाराने लोकांना चहा पाजून पाजून हे सांगितलं, तपासणी संपेपर्यंत सात महिने शटर खाली, आईच्या पाटल्या गेल्या. अजून गड्ड्याच्या जत्रेत भेटला की हसून नमस्कार घालतो.

अहो काळी दारू म्हणजे सोरा 75, कोळसा 15, गंधक 10, ती मापाने भरली तरी भागतं. काडतुसातली बिनधुराची पावडर नायट्रोसेल्युलोजची, तेवढ्याच मापात कितीतरी जोर, तिला ग्रेनवर तोलावं लागतं (7000 ग्रेनचा पौंड), आणि तेही प्रत्येक पावडरीला वेगळं.

त्या सात महिन्यांत अक्कलकोटकडचे एक रिटायर्ड मास्तर, आम्ही काका म्हणायचो, दर बाजाराला येऊन बंद शटरसमोर पायरीवर बसायचे, कोणी विचारलं तर "दुकान उघडायची वाट बघतोय" म्हणायचे. त्यांच्याकडे जुनं .32 रिव्हॉल्व्हर. एकदा म्हणाले, रिकाम्या केसा (काडतुसांची उडवलेली नळकांडी) भरून दे की रे. मी नाही म्हणालो. एक तर लायसन्सची भानगड, दुसरं म्हणजे जुनं पोलाद काळ्या दारूच्या हिशोबाने बनवलेलं. 1873 चं .45 कोल्ट हे रिव्हॉल्व्हरचं काडतूसच बघा, 40 ग्रेन काळी दारू, केस काठोकाठ. बिनधुराची त्यात तळाशी थोडीशीच बसते, चुकून दोनदा पडली तरी डोळ्याला कळत नाही. काका पंधरा दिवस रुसले, मग तेल न्यायला आले.

ठासणीवाल्यांनो, बार काढला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा. निम्म्याहून जास्त राखच उरते, ती ओल धरते आणि गंज चढतो. ऐकत नाही कोणी.

आजोबांचा छोटा पितळी काटा अजून काउंटरवर आहे, दांडीवरच्या खुणा बोटाने पुसट झाल्यात पण डुलून थांबतो बरोबर मधोमध. परवा त्याच दुकानदाराचा पोरगा तो विकत मागायला आला होता. चहा पाजला, काटा नाही दिला.