आमची वाटचाल: आधी भांडारात बघा

जुनी छापील पाने स्कॅन करायची, त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणायचा आणि पुन्हा नीट मांडून द्यायचा, हे आमच्या छोट्या फर्मचे काम. सुरुवात मी, एक सहकारी आणि दोन जुने संगणक एवढ्यावर झाली. सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून दोन्ही संगणकांवर डेबियन टाकले, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त लिनक्स प्रणालीचा एक प्रकार.

पहिले काही आठवडे जड गेले. प्रोग्रॅम हवा असला की वेबवर शोधायचा, फाइल उतरवायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचे, ही सवय अंगात मुरलेली. लिनक्सवरही मी तेच करत राहिलो. एकदा पानांची मांडणी करणाऱ्या स्क्रायबसची डेब फाइल (डेबियनसाठी प्रोग्रॅम बांधून दिलेले पॅकेज) अशीच कुठल्याशा साइटवरून आणून टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, बसवली. ती डेबियनच्या दुसऱ्याच आवृत्तीसाठी बांधलेली होती. तिला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला आधार देणाऱ्या जोडफाइली, आमच्याकडे नव्हत्या. त्यानंतर काहीही बसवायला गेले की डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजेस, अपुऱ्या असल्याचा तोच लाल संदेश यायचा. काम सकाळी द्यायचे होते. रात्री उशिरा तो संदेश मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, तर उपाय त्यातच लिहिलेला होता: ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ॲप्ट म्हणजे डेबियनवर पॅकेजेस बसवणारा, काढणारा प्रोग्रॅम. आज्ञा दिली, अर्धवट बसलेले पॅकेज निघून गेले. मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल स्क्रायबस’ (सुडो म्हणजे पासवर्ड देऊन प्रशासकाच्या अधिकाराने) लिहिले आणि जरा वेळात स्क्रायबस समोर उघडले. ते पहिल्यापासून डेबियनच्या भांडारात होतेच.

हे भांडार म्हणजे रिपॉझिटरी, डेबियनने तपासून ठेवलेल्या पॅकेजेसचा इंटरनेटवरचा साठा. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. एक मागितले की त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस ॲप्ट स्वतः शोधून आणते. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलची खूण नोंदलेली असते, त्यामुळे वाटेत कोणी फाइल बदलली तर ॲप्ट ती नाकारते. अनोळखी साइटवरच्या फाइलला ही राखण नसते. म्हणून नव्या माणसाला आमच्याकडे पहिले वाक्य हेच सांगितले जाते: आधी भांडारात बघा.

सहकारीला आणखी दोन गोष्टींनी अडवले होते. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नसे, ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला असे समजून तिने तो बदलून पाहिला. दुसरी गोष्ट ‘अपडेट’ची. ‘ॲप्ट अपडेट’ने प्रोग्रॅम नवे होतात असे आम्ही दोघेही समजत होतो. त्याने फक्त यादी ताजी होते, प्रोग्रॅम नवे होतात ते ‘ॲप्ट अपग्रेड’ने. टर्मिनलची भीती वाटत असेल तर सिनॅप्टिक नावाच्या खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये हेच सगळे माउसने करता येते. आम्हीही बरेच दिवस तेच वापरले.

आमच्या धंद्याला खरे वळण दिले ते टेसरॅक्टने. चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर देणारा हा प्रोग्रॅम. ‘ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट’ लिहिले तर असे पॅकेजच सापडत नाही म्हणाले. मी जवळजवळ नाद सोडला होता. सहकारीने ‘ॲप्ट सर्च टेसरॅक्ट’ करून पाहिले, तेव्हा कळले की पॅकेजचे नाव टेसरॅक्ट-ओसीआर आहे. बसवले आणि पहिले मराठी पान दिले, तर बाहेर आली अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. त्याच्यासोबत मराठीचा डेटा आलेलाच नव्हता. शोधाच्या यादीत टेसरॅक्ट-ओसीआर-मार दिसले, ते बसवले, आज्ञेत ‘-एल मार’ (भाषा मराठी) जोडले. तेच पान देवनागरीत उतरले. जोडाक्षरांत चुका होत्या, पण हाताने टाइप करण्यापेक्षा तपासून दुरुस्त करणे कितीतरी सोपे. त्या दिवसापासून आम्ही मोठी कामे घेऊ लागलो.

भांडाराची एक अडचण आहेच. डेबियनची स्थिर आवृत्ती पॅकेजेस गोठवून ठेवते, म्हणून नव्या सोयी उशिरा मिळतात. चित्रे काढायच्या इंकस्केपची ताजी आवृत्ती हवी झाली तेव्हा आम्ही ती फ्लॅटपॅकने, म्हणजे भांडाराबाहेरून प्रोग्रॅम आणायच्या वेगळ्या पद्धतीने, घेतली. त्यात सोबतचा पसारा मोठा, डिस्कवर जागा जास्त लागते. तेवढ्या एका प्रोग्रॅमपुरते ते परवडते.

आज परवान्यांचा खर्च झेपेल, तरी आम्ही इथेच आहोत. मोफत आणि मुक्त यांतला फरक या कामातून कळला. हे प्रोग्रॅम कितीही संगणकांवर टाकावेत, उघडून बघावेत, बदलावेत, दुसऱ्याला द्यावेत. आमच्या कामाचे साधन कोणी उद्या काढून घेणार नाही, याचे मोल मला पैशापेक्षा मोठे वाटते.

प्रत्येक पॅकेजचे खरे नाव आम्ही एका वहीत लिहितो. नवा संगणक आला की वही उघडून सगळी नावे एकाच आज्ञेत द्यायची. गेल्या आठवड्यात संस्कृत टीपा असलेली पाने आली, त्या दिवशी सहकारीने वहीत शेवटची ओळ लिहिली: टेसरॅक्ट-ओसीआर-सॅन.