एआयकडून बडोदा संस्थानची हद्द काढून घ्यावी का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बडोद्यात संस्थानकाळावर काम करणारे विद्यार्थी हाच प्रश्न नेहमी घेऊन येतात: एआयला सांगितलं तर गायकवाडी राज्याचा नकाशा मिळेल का? मिळेल, देखणाही मिळेल. पण त्याच्या भरवशावर एकही गाव टाकू नका.

चित्र काढणारं मॉडेल अक्षांश-रेखांश मोजत नाही, नकाशासारखं दिसेल असं चित्र रंगवतं. त्यात राज्य सहज सलग होऊन जातं, आणि बडोदा राज्य सलग नव्हतंच. कडी, बडोदा, नवसारी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले. ओखामंडळ पार द्वारकेकडे, कोडीनार गीरच्या दक्षिणेला. पेटलाद गायकवाडांचं, तर शेजारचं आणंद इंग्रजांचं. सुरत इंग्रजांची, कामरेज गायकवाडी. हद्दीचा अभ्यास म्हणजे या तुकड्यांच्या कडांचाच अभ्यास. कडा पुसल्या की विषयच उरत नाही.

हद्द खरोखर काढायची तर जुना नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बसवा. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्याच, मधलेही दोन-चार बिंदू घ्या. जुन्या शीट एव्हरेस्टच्या मापावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर आहेत. ते न सांगता थेट डब्ल्यूजीएस ८४ (आजचं जीपीएसचं माप) धरलं, तर बडोद्याच्या आसपास शंभरेक मीटरचा फरक पडतो. हद्दीवरची विहीर शेजारच्या गावात जाते. शिवाय इंचाला मैल या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघच जमिनीवर बत्तीसेक मीटर रुंद असते. त्याहून बारीक दावा करू नये.

एआयचा खरा उपयोग छापील गावयाद्यांना. गाव, महाल (म्हणजे तालुका), प्रांत आणि पान क्रमांक असे रकाने मागा, आणि ‘वाचता आलं नाही तर रिकामं सोड’ हे स्पष्ट लिहा. नाहीतर अंदाजाने नाव भरलं जातं. एकाच नावाची दोन महालांतली गावं एक होऊन जातात, म्हणून मूळ यादीतली गावं आधी हाताने मोजून ठेवा. मोडी कागदांसाठी मोडी वाचणारा माणूसच गाठा. विघ्यांचे एकर तर करून घेऊच नका: विघा हे जमिनीचं जुनं माप ठिकाणागणिक बदलतं, आणि एआय सगळीकडे एकच गुणक लावून मोकळं होतं.

प्रश्नात साल घाला. बडोदा राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं १ मे १९४९ला, गुजरात झालं १ मे १९६०ला. तारीख एकच असल्यामुळे उत्तरात दोन्हींची सरमिसळ होऊ शकते. तेवढं तपासून घ्या.