टोपणाखालची मलई : मिनी ट्रॅक्टरची नोंदवही, तास १४१२ ते १४३८

ऑइल आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) बदलणं म्हणजे म्हटलं तर अर्ध्या दिवसाचं काम. मला तीन रविवार लागले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १८ एचपीची, तीन सिलिंडरची, सेकंडहँड. मुक्काम निफाड तालुका, काम द्राक्षबागेत. ओळीतून ब्लोअर ओढायचा आणि अधूनमधून रोटाव्हेटर. बाग थोरला भाऊ बघतो, ट्रॅक्टरचं पोट मी बघतो. ‘तास’ म्हणजे इंजिन किती चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा.

तास १४१२. ऑइल टाकायचं टोपण उघडलं आणि पोटात गोळाच आला. आतून फिकट पिवळी मलई धरलेली. शेजारचे अण्णा कुंपणावरूनच म्हणाले, "गेलं तुझं हेड गॅस्केट. काढ आता दहा-पंधरा हजार." मलाही तेच वाटलं. (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली ही पट्टी फाटली की कुलंट ऑइलमध्ये उतरू शकतं.) पण डिपस्टिक पुसून पाहिली तर ऑइल नुसतं काळं, पांढुरकेपणाचा मागमूस नाही. कुलंट ऑइलमध्ये उतरलं असतं तर सगळंच दूध घातलेल्या चहासारखं दिसलं असतं. रेडिएटरच्या पातळीवर आठवडाभर नजर ठेवली, तसूभर हलली नाही. थंड इंजिन रेडिएटरचं झाकण काढून चालू केलं, बुडबुडेही नाहीत. म्हणजे गॅस्केट निर्दोष. मग पाणी आलं कुठून?

थंडीत आमची फवारणी सकाळी सातला सुरू होते आणि बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. डिझेल जळताना वाफ होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या पोटात, उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर वर गार टोपणाला जाऊन बसते आणि ऑइलशी घुसळून मलई होते. इथवर जमलं.

ऑइल गरम असताना सोडायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे; गाळ तळाला बसायच्या आत निघतो. नवी गोष्ट एवढीच की या वेळी मी ते मोजलं. मागच्या वेळी ओतलं होतं साडेतीन लिटर. निघालं पावणेचार! वाढलेलं पाव लिटर कसलं, ते वासानंच सांगितलं. डिझेल. ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, पण ऑइल वाढलं तर जास्त घाबरायला हवं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही. पहिला संशय इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलवर, गेला.

नवं ऑइल १५ डब्ल्यू ४० जाडीचं, सीआय-४ दर्जाचं. ड्रेन नटला तांब्याचा नवा वायसर. फिल्टरच्या रबरी कड्याला ऑइलचं बोट, रबर टेकल्यावर हातानंच पाऊण फेरा, पाना नाही. नंतर स्टॉपची (डिझेल बंद करणारी) दांडी ओढून धरून नुसता स्टार्टर मारला, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. फिल्टर कोरडा असतो, पहिले काही सेकंद बेअरिंग उपाशी राहू नयेत म्हणून. जुनं ऑइल डब्यात भरून भंगारवाल्याकडे. दाराच्या लाकडाला वाळवीसाठी थोडं मागणारे असतात, पण विहिरीजवळ मी एक थेंब सांडू देत नाही.

तास १४२१. रेडिएटर. आधीच्या मालकानं आयुष्यभर बोअरचं पाणी ओतलेलं. खालची तोटी सोडली तर विटकरी रंगाचं पाणी आलं. ब्लॉकचा ड्रेन प्लग सोडला तर काहीच आलं नाही. तार घालून टोकरल्यावर चिखल बाहेर पडला. तीन वेळा साधं पाणी, शेवटी डिस्टिल्ड.

वरचा होस काढलाच होता, म्हणून थर्मोस्टॅटचं घरही उघडलं. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) आत थर्मोस्टॅटच नाही! कुणा मिस्त्रीनं कधीतरी गाडी तापते म्हणून काढून फेकलेला. आपल्याकडचा हा जुनाच रोग. क्षारानं चोंदलेला रेडिएटर साफ करायचा सोडून थर्मोस्टॅटचा बळी द्यायचा. गाडी तापायची थांबते, पण मग ती कधीच तापत नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. मलई आणि पाव लिटर, दोन्हींचा धागा इथं येऊन मिळाला.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून तपासला. (पातेलं वेगळं ठेवलंय, घरातून तशी ताकीद आहे.) दोऱ्यानं लटकवायचा, तळाला टेकला तर फसवतो. त्यावर ८२ कोरलेलं आहे. साधारण त्याच आकड्याला फट पडली आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडला. बसवताना हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला, हवा तिथून निघते.

कुलंटचा एक हिशेब नेहमी चुकतो. सगळं पाणी काढलं म्हटलं तरी ब्लॉकच्या कानाकोपऱ्यात थोडं राहतंच. माझ्या गाडीत एकूण साडेचार लिटर मावतं, आणि मी रेडी-मिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) ओतलं असतं तर मागे राहिलेल्या पाण्यानं ते पातळ झालं असतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलं, आधी सव्वादोन लिटर ते ओतलं आणि वर डिस्टिल्ड पाणी. निम्मं-निम्मं. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी आपल्याला कुलंट पाणी गोठू नये म्हणून नाही, गंज आणि क्षार थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू चढवण्यासाठी लागतं. हिरवं की गुलाबी, यावर वाद घालू नका, रंगावरून प्रकार कळत नाही. फक्त दोन प्रकार एकत्र करू नका. आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका. चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी.

गाडीचं तोंड चढावर करून झाकण उघडं ठेवलं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवली. भक्कन हवा निघाली, पातळी उतरली, भर घातली.

तास १४३८. काटा पंधरा मिनिटांत मधोमध येतो आणि तिथंच राहतो. टोपण आतून कोरडं. डिपस्टिकवर पातळी खुणेवरच, पण सतरा तास म्हणजे कच्चा पुरावा. इंजेक्टर तपासायला द्यायचे की नाही, ते १५०० तासांना ऑइल पुन्हा मोजल्यावर ठरवीन.