सातव्या मजल्यावरची पश्चिमेची खिडकी

सहावीच्या इतिहासात त्या प्रवाशाचं नाव एका पुस्तकात 'युआन श्वांग' होतं, दुसऱ्यात 'ह्यु-एन-त्संग'. बाईंनी दोन्ही नावं फळ्यावर लिहिली आणि म्हणाल्या, "नावात अडकू नका. हा माणूस इतक्या लांबून आपल्याकडे आला आणि आपल्या लोकांबद्दल लिहून गेला, एवढं लक्षात ठेवा." पुलकेशीच्या राज्यातली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, पण सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवतात, असं त्याने लिहिल्याचं त्यांनी सांगितलं. वर्गाला ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर मैदानावरच्या भांडणाआधीही रीतसर निरोप जायचा.

नऊ वर्षांनी, २०१८ च्या सप्टेंबरात, विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेतून मी चिनी भाषा शिकायला एका वर्षासाठी बेजिंगला गेलो. १ ऑक्टोबर हा तिथला राष्ट्रीय दिन, त्याला जोडून आठवडाभर सुट्टी. सोबतचे परदेशी विद्यार्थी शांघायला निघाले. माझ्या खोलीतला मित्र शीआनचा होता. तो प्रवासी जिथून निघाला ते पूर्वीचं छांगआन हेच, हे कळल्यावर मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. वेगवान रेल्वेने पाच-साडेपाच तासांत पोचलो.

मित्राच्या आजीने पहिल्याच दिवशी समोर एक मोठा वाडगा आणि दोन जाड, घट्ट रोट्या ठेवल्या. रोटीला तिथे 'मो' म्हणतात. ती आपणच हाताने कुस्करायची आणि मग त्यावर मटणाचा उकळता रस्सा पडतो. याचं नाव यांगरौ पाओमो. मी भाकरीसारखे मोठे तुकडे केले. आजीने वाडगा ओढून घेतला आणि हरभऱ्याएवढे तुकडे करून दाखवले. मोठ्या तुकड्यात रस्सा मुरत नाही. सोबत साखरेत मुरवलेला लसूण. अर्धा तास आम्ही तिघं नुसते कुस्करत बसलो होतो. आषाढात आमच्या घरी मटणाच्या रश्श्यात भाकरी चुरतात, तेव्हाही पंगत अशीच मुकाट असते. त्या अर्ध्या तासात परकेपणा गेला.

शहराचा कोट मिंग काळातला, सुमारे १४ किलोमीटर घेराचा. वरून सायकलने पूर्ण फेरी मारता येते. आम्ही मारली. घंटाघरापलीकडच्या हुई मुसलमानांच्या गल्ल्यांत गर्दी एवढी होती की मित्र म्हणाला, "रेन शान, रेन हाय", माणसांचे डोंगर, माणसांचा समुद्र. आषाढीचं पंढरपूर पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

मातीचे सैनिक पाहायला लिनथोंगला गेलो. चीनचा पहिला सम्राट छिन शृ ह्वांग याने आपल्या थडग्याजवळ पुरलेली ती फौज फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. मी मात्र थांबलो तो पहिल्या खड्ड्याच्या कडेला, विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाटीपाशी. मार्च १९७४ मध्ये दुष्काळात काही शेतकरी तिथे पाण्यासाठी विहीर खणत होते आणि त्यांना भाजक्या मातीच्या माणसांचे तुकडे सापडले. मी सांगोल्याचा. विहिरीत उतरलेला माणूस वर आल्यावर काठावरचे लोक त्याच्या तोंडाकडे कसे बघतात, ते मला ठाऊक आहे. बाकीचे सैनिकांचे फोटो काढत होते, मला त्या शेतकऱ्यांना पाणी लागलं का, हेच सारखं मनात येत होतं.

शेवटच्या दिवशी दा-यान था, म्हणजे थोरल्या रानहंसाचा मनोरा. बाईंचा तो प्रवासी, श्वेनझांग (हाच त्याच्या नावाचा खरा उच्चार), ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला आणि त्याच्या विटा-दगड त्याने स्वतःही वाहिले, असं त्याच्या चरित्रात आहे. पुढे मनोऱ्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली, ६४ मीटर उंच आहे. लाकडी जिन्याने वर गेलो. प्रत्येक मजल्यावर चार दिशांना चार कमानी खिडक्या. पश्चिमेच्या खिडकीतून सरळ रस्ता आणि नव्या इमारती दिसतात. त्याच दिशेने तो निघाला होता, एकटा, परवानगी नसताना. परतल्यावर एकोणीस वर्षं तो भाषांतरच करत बसला, मरेपर्यंत. भाषा शिकायला गेलेल्या मला त्या खिडकीत हुंदका आला. खाली उतरून एक चित्रकार्ड घेतलं, शाळेच्या पत्त्यावर बाईंच्या नावे टाकलं. त्यावर दोन्ही नावं लिहिली आणि खाली तिसरं.

संध्याकाळी आजीने डाळिंबं काढली. लिनथोंगची डाळिंबं प्रसिद्ध आहेत. मी देठाकडची चकती कापली, फळाला उभे चर दिले आणि एकही दाणा न फोडता फाका मोकळ्या केल्या. आजीने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या लेखी मी 'शीथ्येन'चा, पश्चिमेच्या त्या देशातला, जिथे भिक्षू ग्रंथ आणायला गेला होता.

"तुमच्या गावावरून गेला होता का तो?" तिने विचारलं.

"गावावरून नाही, आजी. पण आमच्या मुलखात आला होता. आमच्याबद्दल लिहिलंय त्याने."

"काय लिहिलंय?"

बाईंनी सांगितलेलं मी माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत तिला सांगितलं. पहिला अर्धा भाग ऐकून ती म्हणाली, "मग पुन्हा येशील," आणि उरलेली चारही डाळिंबं माझ्या पिशवीत भरली.